तल्मोनच्या वहाणेची वादी

मत्तन्या महाराजांचे वास्तव्य त्या काळी केफर-शकेद या गावी होते. यहूदाच्या डोंगरात, यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेच्या जरा वर, बदामाच्या झाडांत दडलेले शंभरेक उंबऱ्यांचे हे गाव. पवित्र शास्त्रातल्या मुलखातली आणि त्याच काळातली ही कथा आहे. तिथले लोक महाराजांना आपल्या भाषेत ‘रब्बी’ म्हणत. मला मात्र ‘महाराज’ म्हटल्यावाचून राहवत नाही. माझ्या जिभेला तेच वळण आहे, आणि अशा पुरुषाला दुसरे काय म्हणावे? शास्त्रात त्यांचा हात धरणारा त्या डोंगरात कुणी नव्हता, पण लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या मायेपोटी. वय सत्तरीच्या पुढे गेलेले, पाठ वाकलेली, हातांची बोटे सांध्यांत सुजलेली. तरी रोज दोन-तीन गावे पायी फिरून आजाऱ्याच्या उशाशी बसणे, रडणाऱ्याचे डोळे पुसणे काही चुकत नसे.

आता सांगतो ती गोष्ट चमत्काराची आहे, हे खरे. पण ऐकून झाल्यावर तुम्हांला चमत्कारापेक्षा दुसरेच काही आठवत राहिले, तर मला बोल लावू नका. माझेही तसेच होते.

महाराजांचे सात-आठ शिष्य होते. त्यांत योनादाब थोरला. घराणे चांगले, बुद्धी तल्लख, नियमशास्त्र मुखोद्गत. गावच्या वेशीत पंच न्यायाला बसत, आणि एखादा पेच सुटेना की महाराजांना बोलावणे जाई. महाराज गावात नसले तर योनादाबला विचारत. पंचविशीच्या पोराला पिकल्या दाढीचे पंच विचारतात म्हटल्यावर काय होणार? मान जरा ताठ झाली. दुसऱ्याचे काही चुकले की पहिले त्याच्या नजरेस येई. वाईट नव्हता हो तो! महाराजांवर त्याचा जीव होता. पण आपला जीव आहे हे दिसू द्यायची त्याला लाज वाटे, आणि दुसऱ्याने दाखवला की राग येई.

आता त्या मुलखातल्या पायताणाविषयी चार शब्द सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. तुम्ही म्हणाल, वहाणेचे एवढे काय? अहो, तिथे वहाण म्हणजे माणसाची ओळख! देवाच्या पवित्र जागी ती काढून ठेवायची, हे आपल्याकडेही आहेच. घरात कुणी वारले की शोक करणारे अनवाणी राहत. शेताचा व्यवहार ठरला की देणारा आपल्या पायातली वहाण काढून घेणाऱ्याच्या हातात ठेवी, म्हणजे आता या जमिनीवर पाय तुझा. लढाईत धरलेल्यांना अनवाणी चालवत नेत. आणि दासाला, म्हणजे विकत घेतलेल्या माणसाला, वहाणा नसत. ज्याच्या पायात वहाण आहे तो आपल्या मर्जीने चालतो, असे बघणाऱ्याला आपोआप कळे.

दासाच्या कामांतही वरची-खालची कामे होती. बाहेरून आलेल्या धन्याच्या वहाणेची वादी, म्हणजे पायाला बांधायची चामड्याची पट्टी, सोडणे हे सगळ्यांत हलके. म्हणून शिष्यांना एक नियम घालून दिलेला होता. शिष्याने गुरूचे पाणी भरावे, अंथरूण घालावे, काठी धरावी, सगळी सेवा करावी, पण वहाणेची वादी तेवढी सोडू नये. का? तर एखाद्या परक्याने पाहिले आणि हा दासच आहे असे समजला तर? नियम काही वाईट हेतूने केलेला नव्हता. पण त्याचे फळ बघा काय झाले! संध्याकाळी महाराज दमून येत. दारातल्या दगडावर बसत. एक शिष्य पाण्याचे भांडे घेऊन उभा, एक पंचा घेऊन उभा, एक चटई अंथरून उभा. आणि महाराज कण्हत, वाकत, सुजलेल्या बोटांनी आपल्या वहाणांच्या गाठी चाचपत. त्यांची पाठ वाकता वाकत नसे. कधी गाठ आवळलेली असली तर पाणी निवून जाई. सगळे बघत उभे. नियम म्हणजे नियम!

वेशीला लागून, अंजिराच्या झाडाखाली तल्मोन बसे. वहाणा शिवणे, तळ बदलणे, तुटलेली वादी ओवून देणे हा त्याचा धंदा. पूर्वी तो यरीहोला एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी दास होता. व्यापारी गेला, पुढे त्याची विधवा आजारी पडली. शेवट जवळ आला तेव्हा त्या माऊलीने शेजारचे दोन गृहस्थ बोलावले, तल्मोनला आपल्या चौरंगावर बसवले आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या पायांत वहाणा घातल्या. म्हणाली, “जा आता. मागून कुणी हाक मारली तरी थांबू नकोस.” तो खरेच थांबला नाही. डोंगर चढून केफर-शकेदला आला, कामाला लागला, सेरह नावाच्या मुलीशी लग्न केले. सात वर्षे झाली होती. पायाच्या घोट्यावर कड्याचा जुना वण होता, तो झाकेल अशी रुंद वादी तो स्वतःच्या वहाणेला लावी.

एका संध्याकाळी महाराज असेच दारात वाकलेले त्याने झाडाखालून पाहिले. गाठ सुटत नव्हती. तल्मोनने हातातली आरी खाली टाकली, धावत गेला, गुडघे टेकले आणि दोन बोटांत गाठ मोकळी केली.

महाराजांनी त्याचा हात धरला. “अरे तल्मोन, नको. तुझ्यासारख्याने तर मुळीच नको. लोक काय म्हणतील?”

“म्हणू द्या, महाराज,” तल्मोन म्हणाला. “वीस वर्षं धन्याच्या वाद्या सोडल्या. तेव्हा सोडाव्या लागत होत्या. आज सोडावीशी वाटली. हा फरक मला कळला ना, बस झालं.”

महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. योनादाब पंचा धरून मागे उभा होता. तो हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “पायांत वहाणा आल्या, पण हात अजून यरीहोतच आहेत वाटतं!”

बाकीचे शिष्य फिसकन हसले. तल्मोनही कसनुसा हसला आणि खाली बघून दुसरी वादी सोडू लागला.

“योनादाब,” महाराज शांतपणे म्हणाले, “तुला नियम मोडवत नाही आणि मला वाकवत नाही. मग देवाने याला पाठवलं. तू कशाला रागावतोस?”

हे शब्द योनादाबला लागले. खरे सांगायचे तर महाराजांकडे आला तेव्हा पहिल्या वर्षी त्याचेच हात शिवशिवत. म्हाताऱ्या गुरूला तसे वाकलेले बघून आपणच ती गाठ सोडावी असे त्याला वाटे. पण लोक हसतील म्हणून तो कधी पुढे झाला नाही, आणि पुढे पुढे त्याला त्याची सवय झाली. आता हा वहाणा शिवणारा येतो, आणि जे आपल्याला इतक्या वर्षांत झाले नाही ते सहज करून जातो! त्या दिवसापासून तल्मोन रोज संध्याकाळी येऊ लागला. योनादाब रोज काहीतरी टोमणा मारी. तल्मोनने कधी उलटून उत्तर दिले नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. शेजारच्या गावात महाराजांच्या जुन्या स्नेह्याकडे कुणी वारले होते, म्हणून महाराज पहाटेच अनवाणी तिकडे गेले होते. जाताना तल्मोनकडे बघून शिष्यांना म्हणाले होते, “माझ्यामागे याची काळजी घ्या. तुमच्यातला हाच मला सगळ्यांत जवळचा.” एवढे बोलून गेले. ते योनादाबच्या डोक्यात घणासारखे बसले.

दुपारी यरीहोकडून एक माणूस दोन गड्यांना घेऊन आला. उंची वस्त्रे, घामाने डबडबलेला. नाव गेरा. त्या वारलेल्या मालकिणीचा हा भाचा. वेशीत पाऊल टाकल्या टाकल्या झाडाखाली बसलेल्या तल्मोनकडे बोट दाखवून म्हणाला, “हा आमचा माणूस आहे. न्यायला आलोय.”

तल्मोनच्या हातातले चामडे गळून पडले. सेरह घरातून धावत आली. पंच गोळा झाले. त्यांच्यातला थोरला अम्मीहूद मधल्या दगडावर बसला आणि म्हणाला, “सांगा, काय म्हणणं आहे?”

“आत्या शेवटी भ्रमिष्ट झाली होती,” गेरा म्हणाला. “घरातली भांडी वाटली, तसा दासही सोडून दिला म्हणे. याच्याकडे पुरावा आहे काही?”

“बाईंनी स्वतःच्या हातांनी माझ्या पायांत वहाणा घातल्या,” तल्मोन म्हणाला. “दोन गृहस्थ समोर होते.”

“कुठे आहेत ते?”

“एक वारले. दुसरे मिसर देशाला गेले ते आले नाहीत.”

“बघा!” गेरा पंचांकडे वळला.

अम्मीहूदने दाढी खाजवली. “हे बघ पाहुण्या, सात वर्षं हा आमच्यात आहे. कुणाचा दास म्हणून आम्ही याला कधी पाहिलं नाही. वहाणा घालून राजरोस हिंडतो. तू नुसतं आमचा म्हणालास म्हणून आम्ही माणूस उचलून द्यायचा का?”

तल्मोनला जरा धीर आला. पण गेरा मोठा बेरका. तो म्हणाला, “ठीक आहे. मग एवढंच विचारा की गेल्या सात वर्षांत याने दासाचं काम केलं की नाही. स्वतंत्र माणूस दुसऱ्याच्या वहाणेची वादी सोडतो का? वाटेत मला एका मेंढपाळाने सांगितलं, तुमच्या गावात एक जण रोज सोडतो म्हणून. तो हाच ना?”

पंच एकमेकांकडे बघू लागले. गावात सगळ्यांना ठाऊक होते, पण पंचांपैकी कुणी महाराजांच्या दारात संध्याकाळी उभा राहून डोळ्यांनी पाहिले नव्हते. अम्मीहूदची नजर शिष्यांकडे गेली. “योनादाब, तू रोज तिथे असतोस. शास्त्रही तुला येतं. तू सांग.”

सेरह पुढे झाली. “दादा, सांगा ना! तुम्हांला तर सगळं माहीत आहे!”

योनादाब उभा राहिला. साऱ्या वेशीचे डोळे त्याच्यावर. तो म्हणाला, “वादी सोडणं हे दासाचं काम आहे, असं आपल्याकडे मानतात. तल्मोन रोज संध्याकाळी महाराजांच्या वहाणेची वादी सोडतो. मी स्वतः पाहिलं आहे.”

आणि तो थांबला.

आणखी एक वाक्य त्याच्या ओठांवर आले होते. ‘पण तो हे फक्त महाराजांचं करतो, आणि ते प्रेमाने करतो.’ एवढेच. दहा-बारा शब्द. नुसते तोंड उघडायचा अवकाश होता. पण महाराज सकाळी काय बोलून गेले ते त्याला आठवले, आणि त्याने ते वाक्य गिळले. तो आपल्या जागी बसला. काय म्हणावे त्याला! जो काही बोलला त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

तल्मोनने फक्त एकदा त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर योनादाबला बरे वाटले असते. पण त्याला नुसते आश्चर्य वाटत होते. मग तल्मोनने मान खाली घातली.

अम्मीहूदचा नाइलाज झाला. साक्ष शिष्याची, तीही शास्त्री शिष्याची. “घेऊन जा,” तो पुटपुटला. सेरहने हंबरडा फोडला, पण ती रडत बसली नाही. पदर खोचून महाराज गेले होते त्या गावाच्या वाटेने पळत सुटली.

गेराने गड्यांना खूण केली. “आधी त्याच्या वहाणा काढा. घालून नेला तर वाटेतल्या प्रत्येक वेशीत जाब द्यावा लागेल.”

एक गडी खाली बसला आणि तल्मोनच्या उजव्या पायाची वादी ओढू लागला. साधी गाठ होती. लहान मूलही सोडील अशी. सुटेना! गड्याने नखे लावली, दात लावले. दुसरा आला. त्याने कमरेची सुरी काढून वादीत घातली आणि खसकन ओढली. सुरी घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. चामड्यावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही. ओढून ओढून त्याच्या कपाळावर घाम आला. लोक पुढे सरकले. कुणीतरी “देवा!” असे पुटपुटले.

“तूच सोड रे,” गेरा तल्मोनवर खेकसला.

आणि काय सांगू, तल्मोन खरोखर खाली वाकला! इतकी वर्षे स्वतंत्र राहिलेला माणूस, धन्याचा आवाज ऐकताच वाकला. स्वतःच्या हातांनी बांधलेली गाठ त्याने सोडायचा प्रयत्न केला. त्याच्याही हातून सुटेना. तोच गोंधळून गेला.

तेव्हा अम्मीहूद म्हणाला, “आपल्यात रीत आहे. ज्याच्या साक्षीवर माणूस धरला जातो, त्याचा हात आधी लागला पाहिजे. योनादाब, ये.”

योनादाब अर्धवट उठला. “मी? मी वादी सोडू?”

“साक्ष तुझी,” अम्मीहूद म्हणाला. त्याच्या आवाजात आता कडूपणा होता. “आमचे हात आम्ही कशाला लावू?”

योनादाब आला. सगळ्या गावासमोर त्याने तल्मोनच्या पायाशी गुडघे टेकले. धुळीने माखलेले ते पाऊल, टाचेला भेगा पडलेल्या. ओढाताणीत वादी वर सरकली होती आणि तिच्याखालचा घोट्यावरचा तो वण उघडा पडला होता. लोखंडाच्या कड्याने वर्षानुवर्षे घासून झालेला, काळा, खोल वण. योनादाबने तो आजवर कधी पाहिला नव्हता. आपण काय केले हे त्याला त्या क्षणी कळले, आणि कळून उपयोग नव्हता, कारण तोंडातून गेलेली साक्ष परत घेता येत नाही. त्याने गाठीला हात लावला. गाठ सुटली नाही. त्याला वाटले, सुटू नये. कधीच सुटू नये. आयुष्यात एवढ्या कळकळीने त्याने देवाजवळ काही मागितले नव्हते.

इतक्यात गर्दी दुभंगली. महाराज आले. अनवाणी, धापा टाकत, सेरहच्या खांद्यावर हात ठेवून. पायांत काटे रुतून रक्त आले होते. त्यांनी कुणाला काही विचारले नाही, सेरहने वाटेत सगळे सांगितले होते. ते सरळ तल्मोनपाशी गेले. योनादाबकडे न बघता म्हणाले, “जरा सरक, बाळा.”

आणि महाराज धुळीत बसले! तो वाकलेला वृद्ध, ज्याच्यासाठी राज्यपालाची माणसेही उठून उभी राहत, तो वहाणा शिवणाऱ्याच्या पायाशी बसला. तल्मोन ओरडला, “महाराज, नका! पाया पडतो, नका!” महाराजांनी ऐकले नाही. सुजलेली, थरथरणारी ती बोटे. त्यांनी गाठीला नुसता स्पर्श केला मात्र, वादी फुलासारखी मोकळी झाली. उजव्या पायाची सुटली, डाव्या पायाची सुटली. दोन्ही वहाणा महाराजांनी काढून बाजूला ठेवल्या.

गेराच्या गड्यांनी सुरी टाकून दिली.

महाराज तिथूनच वर बघत म्हणाले, “गेरा, जो दुसऱ्याच्या वहाणेची वादी सोडतो तो दास, असंच तू पंचांना सांगितलंस ना? मग मी आत्ता याची वादी सोडली. सगळ्यांनी पाहिलं. मी याचा दास झालो. दासाला न्यायला आला आहेस तर मला ने.”

“महाराज, हे काय बोलता?” गेरा गांगरला. “तुम्हांला कोण दास म्हणेल? तुम्ही हे... तुम्ही मायेने केलंत!”

“मग त्याने रोज कशाने केलं, ते कुणी विचारलं का इथे?” महाराज म्हणाले.

अम्मीहूदने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. महाराजांनी तल्मोनचा पाय आपल्या मांडीवर घेतला, उपरण्याने त्याची धूळ पुसली, वहाण घातली आणि वादी बांधली. मग दुसरी. म्हणाले, “एकदा त्या बाईंनी घातल्या. त्याला साक्षीदार उरला नाही. आता मी घातल्या. साक्षीला अख्खं गाव आहे. कुणाला आणखी काही विचारायचं असलं तर आत्ता विचारा.”

“काही नाही,” अम्मीहूद म्हणाला. “माणूस स्वतंत्र आहे. माझा निवाडा मी मागे घेतो.” गेराने खाली वाकून महाराजांना नमस्कार केला. त्या वादीकडे बघायचेही त्याला धाडस होईना. माणसे घेऊन तो आल्या वाटेने डोंगर उतरून गेला.

योनादाब महाराजांच्या पायांवर कोसळला. “महाराज, मला क्षमा करा! मी...”

महाराजांनी त्याला पोटाशी धरले नाही. एरवी धरले असते. थकलेल्या आवाजात एवढेच म्हणाले, “माझ्या पाया पडून काय होणार, बाळा? ज्याचं नेलंस त्याच्याकडे जा.”

योनादाबला वाटले, नेले ते काय? तल्मोन तर सुटला. कसला मोठा चमत्कार झाला! गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. योनादाब लाजेने घरात बसून राहिला. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो महाराजांच्या दारी गेला, आणि महाराज काय म्हणाले होते ते त्याला तिथे दिसले.

महाराज बाहेरून आले. दगडावर बसले. झाडाखालून तल्मोन नेहमीप्रमाणे उठला. अर्धा उठला, आणि थबकला. त्याने आधी वाटेकडे पाहिले. यरीहोच्या वाटेकडे. मग इकडे-तिकडे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. मग हळूच परत खाली बसला आणि मान घालून चामडे टोचू लागला. महाराज कण्हत वाकले आणि स्वतःच गाठ शोधू लागले.

माणूस वाचला होता हो, पण त्याच्या मनात पुन्हा भीती शिरली होती. सात वर्षांत त्याने ती कशी घालवली असेल ती असेल, आणि आपण एका दुपारी परत आणून दिली! वीस वर्षांच्या सक्तीनंतर त्या माणसाने आपखुशीने करायची म्हणून एक गोष्ट धरली होती. ती आता त्याच्याच्याने होत नव्हती. देवाने गाठ आवळून धरली, सुरी बोथट केली, पण हे काही परत मिळाले नाही. ते राखणे योनादाबच्या हातात होते, आणि त्याने ते घालवले होते.

तो पुढे झाला. सगळ्या शिष्यांदेखत त्याने गुडघे टेकले आणि महाराजांच्या वहाणांच्या वाद्या सोडल्या. कुणी हसले नाही. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण ते बघत होते अंजिराच्या झाडाकडे.

तिथून योनादाब उठला आणि झाडाखाली गेला. तल्मोन गडबडून उभा राहू लागला. “बसा, दादा. वहाण तुटली का?”

“तल्मोन, मला माफ कर,” योनादाब म्हणाला. “त्या दिवशी मी तुझा घात केला.”

तल्मोनने आरीचे टोक अंगठ्यावर फिरवले. तो खरेच विचार करत होता. “पण दादा, तुम्ही खोटं कुठं बोललात?”

योनादाबच्या डोळ्यांना धारा लागल्या. “खोटं बोललो असतो तर बरं होतं रे. ते खोडून तरी काढता आलं असतं. मला खरं सगळं ठाऊक होतं, आणि मी निम्मंच सांगितलं. तू ते मायेने करतोस, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. रोज पाहत होतो. म्हणून तर जळत होतो.”

एवढे बोलून तो वाकला आणि त्याने आपले कपाळ तल्मोनच्या पायांवर ठेवले. त्या वणावर ठेवले. तल्मोनने दचकून पाय मागे ओढला. वेशीतून यरीहोकडची माणसे येत-जात होती, दोघे-तिघे थांबून बघू लागले.

“दादा, उठा!” तल्मोन घाबऱ्या आवाजात म्हणाला. “अहो, परकी माणसं बघतायत. तुम्हांला काय समजतील?”

“समजू दे,” योनादाब म्हणाला, आणि तो उठला नाही.

तल्मोन पुन्हा कधी महाराजांच्या दारी वादी सोडायला आला का, हे मला ठाऊक नाही. आला असावा असे मनापासून वाटते, पण मला कुणी तसे सांगितलेले नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी तुम्हांला सांगणार नाही. मत्तन्या महाराजांच्या चरणी माझा दंडवत. त्यांच्या तल्मोनला दंडवत. आणि त्या योनादाबलाही, कारण रात्री डोळे मिटले की मला त्याचाच चेहरा ओळखीचा वाटतो.